खेड्यातल्या दवाखान्यासाठी परवडणारं पोर्टेबल सोनोग्राफी मशीन : कुठलं घ्यावं?

जांबोटी_रोड

मंडळी, व्यवहारातला सल्ला हवाय. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला माझा छोटा दवाखाना आहे, दहा खाटांचा. मी एमडी मेडिसिन. बाळंतपणं माझ्याकडे होत नाहीत. ताप, दमा, शुगर, हार्ट आणि रात्री पोट धरून येणारे, हे माझे पेशंट. पावसाळ्यात डेंग्यू वाढतो, बैलानं शिंग मारलेला एखादा असतोच, झाडावरून पडलेला असतो. दर वेळी ‘सोनोग्राफी करून या’ म्हणून चिठ्ठी लिहायची आणि पेशंटनं खानापूर नाहीतर बेळगाव गाठायचं. धो-धो पाऊस असला की रिक्षावाले यायलाच तयार नसतात, आले तर भाडं दुप्पट.

म्हणून पोर्टेबल मशीन घ्यायचा विचार आहे. बजेट चार लाखांच्या आत. कोल्हापूरच्या एका विक्रेत्यानं मोबाईलला जोडायचं हातातलं मशीन सुचवलंय, हुबळीचा एक जण लॅपटॉपसारखं उघडणारं ब्लॅक अँड व्हाईट घ्या म्हणतो. शनिवारी माझी चंदगडला ओपीडी असते, तिकडेही बॅगेतून नेता आलं तर सोन्याहून पिवळं. कोण काय वापरतं? कुठलं मॉडेल घ्यावं?

मिरजवाला

वाचतोय. मलाही हाच प्रश्न पडलाय.

सोनोताई

डॉक्टर, मॉडेल शेवटी बघू. आधी कागद. मी बेळगावात रेडिओलॉजिस्ट आहे आणि हा धागा बघून जरा दचकलेच.

तुम्ही गर्भवती बघता की नाही, याच्याशी पीसीपीएनडीटी कायद्याला, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याला, फारसं देणंघेणं नाही. कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. ज्या मशीननं गर्भाचं लिंग दिसू शकतं ते प्रत्येक मशीन त्याच्या कक्षेत येतं, मग तुम्ही त्यावर फक्त लिव्हर बघा नाहीतर किडनी. फॉर्म ए भरायचा, सोबत शपथपत्र द्यायचं, २५,००० रुपये फी भरायची. जिल्ह्याच्या समुचित प्राधिकरणाकडून फॉर्म बी मधलं प्रमाणपत्र मिळतं, ते पाच वर्षं चालतं आणि दर्शनी भागात लावावं लागतं. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत पाठवायचा.

दुसरं, नोंदणी नसलेल्याला मशीन विकायला तर बंदी आहेच, पण भाड्यानं द्यायला किंवा नुसतं वापरायला द्यायलाही बंदी आहे. कोल्हापूरचे साहेब ‘डॉक्टर, चार दिवस ठेवून बघा, पैशाचं नंतर’ म्हणतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. नोंदणी नसलेल्या दवाखान्यात सापडलेलं मशीन जप्त होतं, आणि मशीन डेमोचं होतं ही सबब चालत नाही. बघायचंच असेल तर ज्यांच्याकडे तेच मॉडेल नोंदणीसह आहे अशा ओळखीच्या दवाखान्यात जाऊन बघा.

तिसरं, चंदगड विसरा. नोंदणी जागेला मिळते. बेळगाव जिल्ह्याचा कागद हद्दीवरच्या शिनोळीच्या पुढं, महाराष्ट्रात, चालत नाही. बॅगेत मशीन घालून हद्द ओलांडलीत तर डॉक्टर म्हणून कोण ओळखणार नाही, केस मात्र होईल.

गणपत_गल्ली

म्हणजे मशीन पोर्टेबल, पण दवाखान्याच्या उंबऱ्यापर्यंतच! आमच्या बेळगावचं दुखणं मशीनलाही लागलंय म्हणायचं.

जांबोटी_रोड

सोनोताई, धन्यवाद. नोंदणी लागते एवढं माहीत होतं, डेमोचं माहीत नव्हतं. पण एक शंका आहे. खेड्यात मशीनच जायचं नाही तर पोर्टेबल बनवतात कशाला?

सोनोताई

बनवणारा सगळ्या जगासाठी बनवतो. आपल्याकडचा कायदा इतका कडक का ते आपल्याच भागाला वेगळं सांगायला नको. २०१७ साली मिरज तालुक्यात म्हैसाळला १९ भ्रूण सापडले, गाव हद्दीला लागून. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात मुडलगीला डब्यात भरून टाकलेले सात भ्रूण मिळाले. गाडीत घालून हिंडवता येणारं मशीन म्हटलं की अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या का पडतात ते यावरून कळेल. तुमच्यावर कुणाचा संशय नाही, पण नियम नावं बघून लागत नाही.

निपाणी_बालरोग

शिक्षणाचाही प्रश्न आहे. नोंदणी जागेची असली तरी मशीन चालवणाऱ्याची पात्रता बघतात. २०१४ च्या सहा महिने प्रशिक्षणाच्या नियमांत ३०० तासांचा कोर्स आणि नंतर परीक्षा आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ते नियम उडवले होते, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणजे नियम परत उभे राहिले. ‘मी एमडी आहे, मला कशाला कोर्स’ हा युक्तिवाद काही जिल्ह्यांत चालतो, काही ठिकाणी नाही. टेबलावर वाद घालत बसू नका. अर्ज करतानाच प्राधिकरणाला लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय की सर’ म्हणणारा कारकून पुढच्या वर्षी बदलून गेलेला असतो.

संकेश्वर_जुनाजीपी

चाळीस वर्षं पोटावर हात ठेवून प्रॅक्टिस केली. अपेंडिक्स बोटाला कळतो, प्लुरसीत पाणी असलं तर बोट वाजवून कळतं. आता प्रत्येकाला पडदा पाहिजे. मशीन आलं की हप्ता आला, हप्ता आला की नको त्याचा स्कॅन आला. राग मानू नका, पण हे बघितलंय म्हणून लिहितोय.

आयसीयू_नाईट

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण बोट वाजवून कळायला पाणी बरंच साठावं लागतं. प्रोबला, म्हणजे मशीनचा जो भाग अंगावर फिरवतात त्याला, थोडंसुद्धा दिसतं. मी मूळचा शहापूरचा, सध्या बेंगळुरात आयसीयूला आहे. डेंग्यूचं उदाहरण घ्या. ताप उतरलाय, पेशंट म्हणतो बरं वाटतंय, आणि नेमकं तेव्हाच प्लाझ्मा गळत असतो. पित्ताशयाची भिंत ३ मिमीच्या वर जाड झालेली, उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी पाण्याची काळी पट्टी, लिव्हर आणि किडनीच्या मधल्या खाचेत थोडं पाणी. हे दिसलं की त्याला घरी सोडायचं नाही. एक्सरेला जायच्या आधी हे पाच मिनिटांत कळतं.

फुफ्फुसात पाणी भरलंय की दमा आहे, हेही तसंच. पडद्यावर आडव्या रेघा एकाखाली एक दिसल्या तर त्या ए-लाईन, तिथं हवा आहे. उभ्या पांढऱ्या रेघा टॉर्चच्या झोतासारख्या खालपर्यंत गेल्या तर बी-लाईन. दोन्ही बाजूंना भरपूर बी-लाईन आणि सोबत हार्टचा इतिहास असला की मी नेब्युलायझर बाजूला ठेवून आधी लघवीचं इंजेक्शन देतो. पायातली गुठळी बघायची तर मांडीच्या सांध्यात आणि गुडघ्यामागं शीर दाबून बघायची. दबली नाही तर गुठळी.

हातातल्या मशीनबद्दल : बटरफ्लायच्या प्रोबमध्ये क्रिस्टलऐवजी सेमीकंडक्टर चिप असते, त्यामुळे एकच प्रोब पोट, फुफ्फुस, शिरा सगळं बघतो. पण वर्षाची मेंबरशिप भरावी लागते, ते किमतीत धरा. व्हीस्कॅन एअरला दोन तोंडं आहेत, एका बाजूनं पोट, दुसऱ्या बाजूनं वरवरचं, आणि वायर नाही. लुमिफायचे प्रोब वेगवेगळे घ्यावे लागतात, अँड्रॉइडला वायरनं जोडायचे. सगळ्यांची कुरबूर एकच : सलग वापरलं की प्रोब तापतो आणि स्वतःहून थांबतो. ओपीडीत ओळीनं पेशंट असतील तर वैताग येतो. आयसीयूत दोन मिनिटांचा प्रश्न, दोन मिनिटांचं उत्तर असतं, तिथं झकास.

संकेश्वर_जुनाजीपी

आयसीयू_नाईट, डेंग्यूचं पटलं. हप्त्याचं मात्र मागं घेणार नाही.

हुबळी_बायोमेड

मी मशीन दुरुस्त करतो, विकत नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

डॉक्टर लोक मशीन बघतात, पडदा किती इंची, कलर आहे का, दिसायला कसं आहे. पैसा प्रोबमध्ये असतो. मशीनचा बोर्ड गेला तर दुरुस्त होतो, प्रोब पडला की बहुतेक वेळा नवीनच. म्हणून कोटेशनमध्ये पहिला प्रश्न : वॉरंटी प्रोबला आहे का? ‘मशीनला तीन वर्षं, प्रोबला एक वर्ष’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

तुम्हाला कोणता प्रोब लागतो ते आधी ठरवा. पोटासाठी कॉन्व्हेक्स, ३.५ मेगाहर्ट्झच्या आसपास, तो खोल बघतो. गळा, शिरा, स्नायू, गाठी यांच्यासाठी लिनियर, ७.५ ते १२. जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितकं चित्र बारीक, पण खोली कमी. हार्टला बरगड्यांच्या फटीतून बघायचं तर फेज्ड अ‍ॅरे. चार लाखांत तिन्ही आणि कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवतो तो) कोण देतो म्हणाला तर त्याला विचारा प्रोब कुणाच्या कंपनीचा. कॉन्व्हेक्स आणि लिनियर एवढं घ्या, फेज्ड नंतर घेता येतो. मशीनला दोन प्रोब जोडायला दोन पोर्ट आहेत का बघा, नाहीतर दर वेळी काढा-घाला करून पिनंच जातात.

जुनं मशीन बघत असाल तर एक कागदाची टाचणी घेऊन जा. साधी यू-पिन. लिनियर प्रोबवर थोडं जेल लावा, पिन सरळ करून प्रोबच्या तोंडावर आडवी धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू सरकवा. पडद्यावर तिची रेघ सरकत जाते. मध्येच ती फिकी झाली किंवा नाहीशी झाली तर तेवढे क्रिस्टल मेलेत. टाचणी नसली तर जेल न लावता नुसता प्रोब हवेत धरा, वरच्या बाजूला समांतर पट्टे दिसतात. त्यात उभी काळी चीर दिसली की सौदा सोडा. विक्रेता म्हणेल जेल कमी आहे. जेल कमी नाही, क्रिस्टल कमी आहेत.

वायरचं टोक, जिथं ती प्रोबमध्ये जाते, तिथं वाकवून बघा. चित्र लुकलुकलं तर आतल्या तारा तुटायला लागल्यात. आणि स्पिरिटनं प्रोब पुसणारी सिस्टर असेल तर तिला आधी ट्रेनिंग द्या. स्पिरिटनं तोंडावरचं रबर कडक होऊन तडकतं. मऊ कापड आणि कंपनीनं सांगितलेलं लिक्विडच वापरा. स्कॅन झाल्यावर जेल तिथंच वाळू देऊ नका.

गणपत_गल्ली

यू-पिनचा असा उपयोग! मी आजवर तिनं मोबाईलचं सिमकार्ड काढत होतो.

म्हशीचा_डॉक्टर

अवांतर आहे, पण राहवत नाही. मी चिकोडी भागात पशुवैद्य. आमचंही पोर्टेबलच असतं, गळ्यात अडकवायचं, डोळ्यावर गॉगलसारखा पडदा. रेक्टल लिनियर प्रोब, ५ ते ७.५ मेगाहर्ट्झ. रेतनानंतर साधारण ३० दिवसांत गाय गाभण आहे का कळतं. हातानं तपासायचं तर दीड-दोन महिने थांबावं लागतं. शेतकऱ्याला तो महिना फार महाग पडतो, भाकड जनावराला उगाच चारा घालायचा.

तेव्हा पोर्टेबल खेड्यात चालत नाही असं नाही, आमचं शेणातही चालतं. विक्रेता आमच्याकडेही कागद मागतोच, कारण मशीनला म्हैस आणि माणूस यातला फरक कळत नाही. तुमची मंडळी ‘काय आहे’ विचारतात म्हणून तुम्हाला कायदा लागतो. आमच्याकडे मालक ‘पाडी आहे का’ विचारतो आणि पाडी आहे म्हटलं की खूश होतो.

निपाणी_बालरोग

शेवटचं वाक्य वाचून थांबलो.

येळ्ळूर_रोड

नोंदणीचा बोर्ड लावताना एक लक्षात ठेवा. ‘येथे गर्भलिंग तपासणी होत नाही’ असा बोर्ड इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावावा लागतो. आमच्याकडे तपासणीला आलेले ‘कन्नडमध्ये कुठंय?’ म्हणून आधी विचारतात. कन्नड वर, इंग्रजी मध्ये, मराठी खाली असं लावलं, कारण येणारे निम्मे पेशंट मराठीच वाचतात.

काळी_माती

मराठी खाली का? मराठी वर लावायची! कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकावर ६० टक्के कन्नड म्हणतात, मग आम्ही काय करायचं? खानापूर, बेळगाव, निपाणी...

गणपत_गल्ली

आला. वाटच बघत होतो.

काळी_माती

गणपत गल्लीत राहून असं बोलता?

संपादक

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, आणि तो कधी थांबत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. इथं मशीनवर बोलू या. पुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

कोल्हापूर_रंकाळा

आमच्याकडे २०१० च्या सुमाराला प्रत्येक मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवला होता. पडद्यावरचं सगळं त्यात रेकॉर्ड व्हायचं. रेडिओलॉजिस्ट संघटना कोर्टात गेली, २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्रशासनाच्या बाजूनं निकाल दिला. सांगायचा मुद्दा असा की कोल्हापूरच्या विक्रेत्याला कायदा माहीत नाही असं होऊच शकत नाही. ‘डेमोला ठेवतो’ म्हणाला असेल तर तो तुम्हाला साधा समजतोय.

हिशेबनीस

डॉक्टर नाही, डॉक्टरांची पुस्तकं बघतो. दोन गोष्टी. जीएसटी : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैद्यकीय उपकरणांवर १२ ऐवजी ५ टक्के लागतो. जुनं कोटेशन घेऊन बसला असाल तर नवीन मागा. तुमची सेवा करमुक्त असल्यामुळे भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो किमतीतच धरायचा.

आणि मेंटेनन्सचा करार. एएमसी म्हणजे माणूस येऊन बघून जाणार, पार्टचे पैसे वेगळे. सीएमसीमध्ये पार्ट धरलेले असतात. पण ‘सीएमसी, प्रोब वगळून’ असाही प्रकार असतो, म्हणजे भाकरी मिळणार, पीठ तुमचं. माझ्या एका क्लायंटनं असा करार वाचल्याशिवाय सही केली होती, प्रोब गेल्यावर विक्रेत्यानं फोन उचलणंच बंद केलं. विक्रेत्याचं नाव विचारू नका.

हुबळी_बायोमेड

बरोबर. शिवाय इंजिनिअर कुठून येतो ते विचारा. ‘सर्व्हिस सेंटर बेंगळूर’ म्हणजे जांबोटीला माणूस पोचेपर्यंत तुमचा पावसाळा संपला. हुबळी, बेळगाव किंवा कोल्हापुरात माणूस असलेली कंपनी घ्या, मशीन थोडं कमी चांगलं असलं तरी.

जांबोटी_रोड

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता विचार असा : लॅपटॉप टाईप, ब्लॅक अँड व्हाईट, कॉन्व्हेक्स आणि लिनियर. चंदगड सोडून दिलं. ओपीडीत टेबलावर ठेवायचं, रात्री वॉर्डात न्यायचं. बॅटरी असल्यानं करंट गेला तरी चालेल, आमच्याकडे पावसात हेस्कॉमची लाईन कधी जाईल सांगता येत नाही. बरोबर आहे का?

काळ्या_कोटातला

वकील आहे, सोनोग्राफीतलं काही कळत नाही, पण नियम वाचलाय. सोनोताईंनी लिहिलेल्यात एक राहिलंय. पोर्टेबल मशीनसाठी २०१२ मध्ये नियम ३बी आला. पोर्टेबल मशीन दोनच ठिकाणी वापरायला परवानगी आहे. एक, ज्या जागेची नोंदणी आहे तिथं, आणि तेही दाखल असलेल्या, म्हणजे इनडोअर पेशंटसाठी. दोन, इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. डॉक्टर म्हणतात ‘ओपीडीत टेबलावर ठेवायचं’. ते पोर्टेबल म्हणून नोंदवलं असेल तर तिथंच अडचण येऊ शकते.

कायद्यात गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कागदावरची चूक ही नुसती कारकुनी चूक नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या याचिकेवर सांगितलंय.

सोनोताई

काळ्या_कोटातला, बरं झालं लिहिलंत. मी पहिल्या प्रतिसादात हे मांडायला हवं होतं, पण लोक तिथपर्यंत वाचत नाहीत म्हणून टप्प्याटप्प्यानं जायचा विचार होता.

तेव्हा डॉक्टर, आता मूळ प्रश्न परत विचारू. तुम्हाला पोर्टेबल हवं कशाला? चंदगडला न्यायचं नाही. घरी जाऊन स्कॅन करायचा नाही. दवाखाना एकाच मजल्यावर. मग उरतात दोन फायदे, बॅटरी आणि कमी जागा. त्या बदल्यात छोटा पडदा, एकच पोर्ट, आणि ओपीडीच्या पेशंटला हात लावायचा की नाही हा रोजचा प्रश्न. त्याच पैशात चाकाचं ट्रॉलीवरचं मशीन, नोंदणी असलेल्या केंद्राकडून नोंदणी असलेल्या केंद्रानं घेतलेलं जुनं, चित्राला निदान दुप्पट चांगलं. वॉर्डात ढकलत न्या. कपाटाएवढं मशीन कोण चोरून गाडीत घालत नाही, तपासणीला येणाऱ्यालाही बरं वाटतं.

आयसीयू_नाईट

जरा विरोध. ट्रॉली कोपऱ्यात जाते आणि तिच्यावर फायली साचतात. हातातलं खिशात असतं म्हणून वापरलं जातं. दाखल पेशंटला रात्री दोन वाजता श्वास लागला तर मी उठून ट्रॉली ओढणार नाही, खिशातलं काढेन.

सोनोताई

तुमच्याकडे आयसीयू आहे, सगळेच दाखल. यांच्याकडे दिवसातले बहुतेक पेशंट ओपीडीचे. तुम्ही म्हणता ते पुढच्या वर्षी, दुसरं मशीन म्हणून. आणि तेव्हाही त्याची वेगळी नोंद करायची, पहिल्या मशीनच्या कागदावर दुसरं चालत नाही. मशीन बदललं तरी ३० दिवस आधी कळवावं लागतं.

मिरजवाला

‘वाचतोय’ म्हणालो होतो, आता माझं बजेट पण बदललं.

हुबळी_बायोमेड

ट्रॉली घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. ‘ऑनलाईन’ प्रकारचा यूपीएस घ्या, साधा इन्व्हर्टर नको, करंट गेल्यावर बॅटरीवर बदल होताना मशीन रिस्टार्ट होतं आणि चालू स्कॅन जातो. अर्थिंग वेगळं करून घ्या. खेड्यात एक गंमत हमखास दिसते : शेजारी पिठाची गिरणी नाहीतर बोअरची मोटर असते, ती चालू झाली की पडद्यावर पांढरे ठिपक्यांचे पट्टे पळायला लागतात. डॉक्टर प्रोब बदलतात, मशीनला शिव्या देतात, इंजिनिअरला बोलावतात. मी जातो, मोटर बंद करायला सांगतो, पट्टे गायब. अर्थिंगचा खड्डा नीट केला की काम होतं.

तिसरी गोष्ट, पंख्याची जाळी. जुन्या ट्रॉलीच्या मागे धुळीचा गालिचा साचलेला असतो, आतले बोर्ड तापून जातात. घेतल्या दिवशी उघडून साफ करून घ्या.

संकेश्वर_जुनाजीपी

मलाही एक सांगायचंय. मशीन घेतल्यावर तुम्ही सोनोताईंसारखा पूर्ण रिपोर्ट लिहायला लागलात तर फसाल. पेशंटच्या नातेवाईकाला वाटतं, डॉक्टरनं पोटाची सोनोग्राफी केली म्हणजे सगळं पोट बघितलं. उद्या किडनीत गाठ निघाली तर ‘तुम्ही बघितलं होतं की’. जो प्रश्न होता त्याचं उत्तर लिहा. ‘पोटात पाणी आहे/नाही’, ‘पित्ताशयाची भिंत जाड’, ‘मूत्राशय भरलेलं’. बाकीसाठी पूर्ण सोनोग्राफीची चिठ्ठी द्या. आता हे मी म्हणतोय, म्हणजे बघा, मी पण बदललो.

सोनोताई

काकांना शंभर टक्के सहमत. बेळगावच्या सगळ्या रेडिओलॉजिस्टच्या वतीनं धन्यवाद, आमच्याकडे पेशंट येत राहतील.

गणपत_गल्ली

आता खरं कारण कळलं.

सोनोताई

हे लिहायला वेळ आहे तर माझ्याकडे कुंदा पोचवा.

जांबोटी_रोड

सगळ्यांचे आभार. ठरलं असं. आधी फॉर्म ए आणि पात्रतेबद्दल लेखी विचारणा, मग मशीन. ट्रॉली, कॉन्व्हेक्स आणि लिनियर, सीएमसीत प्रोब धरून. निपाणीच्या बाजूला एक केंद्र बंद होतंय, त्यांची ट्रॉली विकायची आहे असं कळलंय. यू-पिन खिशात घालून जातोय. सोनोताई, हातात एक जुनं कोटेशन आणि एक नवीन आहे. थेट विचारायला आलो तर चालेल का?

सोनोताई

या की. पण निपाणीच्या केंद्रानं प्राधिकरणाला मशीन विकतोय असं कळवलंय का, त्याची पोच आधी बघून घ्या. बिलावर मशीनचा आणि प्रत्येक प्रोबचा सिरियल नंबर असायला हवा, आणि तोच नंबर तुमच्या अर्जात. बिलावर एक, मशीनवर दुसरा असं निघालं तर मशीन घेऊच नका. दुपारी दोननंतर या, सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते.